ओलं आहे, हात लावू नका

४ मार्च, सोमवार. सकाळी सहा वाजून दहा मिनिटे.

शेजारणीचं दार ओल्या फडक्याने पुसत होतो. बाबांनी उजाडण्याआधीच उठून त्याला पांढरा प्रायमर मारला — कडी, कुलूप, नावाची पाटी, सगळ्यावरून. ब्रश कुठून काढला कोण जाणे! मी सगळे पोत्यात बांधून माळ्यावर टाकले होते.

शेजारीण दार उघडून बाहेर आली. "बाबांना आवर, नाहीतर मी घरमालकाला सांगते. हे शेवटचं." तिचं हे तिसरं शेवटचं. पण या वेळी तिच्या गाऊनला रंग लागलाय, म्हणून खरं वाटतंय.

आणि बाबा माझ्या मागे उभे राहून मलाच झापत होते — "अरे ओलं आहे! हात लावू नको! कुणी शिकवलं तुला काम?"

तुम्हीच शिकवलंत. नववीत शाळा सोडली तेव्हापासून तुमच्याच हाताखाली आहे. पण हे बोलून उपयोग नाही. त्यांच्या लेखी मी मागच्या आठवड्यात कामावर घेतलेला पोरगा. "नवीन आहेस. शिकशील," म्हणतात. प्रेमाने म्हणतात, तेच जास्त लागतं.

डॉक्टरांच्या कागदावरचा शब्द मी शब्दकोशात काढून पाहिला. स्मृतिभ्रंश. ति ऱ्हस्व. घर गेलं, आई गेलेली आहे हे गेलं, ताई गेली, मी गेलो. रंगकाम तेवढं राहिलं. कोरी भिंत दिसली की हात शिवशिवतात, आणि रंगवलेली दिसली की वाटतं कुणीतरी प्रायमरच्या अस्तराशिवाय काम केलंय.

मला कामाला बाहेर जाता येत नाही. घरात बसून भाडं भरता येत नाही. काय करू?

५ मार्च, मंगळवार

आज केंद्रातल्या मॅडमनी बोलावलं. विसरणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचा दुपारचा वर्ग चालवतात त्या — जुन्या वाचनालयाच्या तळमजल्यावर. जानेवारीपासून बाबांना तिथे सोडतो. फी दोन महिन्यांची थकलीय. मला वाटलं काढून टाकणार.

उलटंच! म्हणाल्या, लांब व्हरांड्याची भिंत मोकळी आहे. सगळ्यांनी मिळून तिच्यावर एक चित्र काढायचं. "तू रंगातला माणूस, तू सांभाळ." बाबांची फी माफ, मला थोडा पगार. २९ तारखेला देणगी देणारी समिती भिंत पाहायला येईल. त्यांनी पैसे मंजूर केले तर वर्ग पुढचं वर्ष चालेल. नाही केले तर एप्रिलच्या मध्यावर बंद.

मी म्हटलं, मला चित्रं येत नाहीत. मला फक्त भिंती येतात.

"मग झालं तर. ही भिंतच आहे," म्हणाल्या.

७ मार्च, गुरुवार

काल बाबांनी भिंतीला कान लावला. बोटांच्या पेरांनी ठोकून पाहिलं, इथे पोकळ, तिथे ओल. मग मॅडमसमोर हात पुढे केला. "मालकीणबाई, विसार?"

मॅडमना कळेना. मी हळूच सांगितलं — बाबा विसार, म्हणजे थोडे पैसे आगाऊ, घेतल्याशिवाय कुणाच्या भिंतीला ब्रश लावत नाहीत. कधीच नाही लावला. (शेजारणीचं दार सोडून. ते दार त्यांना दार वाटतच नसणार, काम अर्धवट टाकल्यासारखं वाटत असणार.) मॅडमनी पर्समधून नोट काढून दिली. बाबांनी ती दोनदा उलटून पाहिली, आतल्या खिशात घातली, आणि मला म्हणाले, "पत्रा आण. खरवडायला घे."

दोन दिवस खरवडलं, पुट्टी भरली, पॉलिश पेपर मारला, प्रायमर. वरून खाली एकेक पट्टा, कुठे ओघळ नाही, कुठे जोड दिसत नाही. मध्येच मला म्हणाले, "शनिवारी मजुरी देतो हं. मी पोरांचे पैसे ठेवत नाही." दोन दिवस बाबा बाबाच होते. मी आत स्वच्छतागृहात जाऊन तोंड धुतलं. दोनदा.

८ मार्च, शुक्रवार

चित्राला सुरुवात! आठ जण आहेत, पण हात चालतात तिघांचे. बाकीचे बघतात, झोपतात, ब्रश चाटतात (रंग विषारी नाही, डब्यावरचं सगळं वाचून घेतलं).

कंडक्टरकाका — बसमध्ये कंडक्टर होते. खांद्याला रिकामी पिशवी अजून अडकवतात. शाळाबाई — मुलींच्या शाळेत शिकवायच्या. आणि शिंपीकाका, जे बोलत नाहीत, सगळ्याला वितीने मोजतात. मलासुद्धा मोजलं. मान हलवली. कापड कमी पडेल असं काहीतरी.

काय काढायचं ते मला सुचत नव्हतं. एवढी मोठी भिंत, आणि सगळे माझ्याकडे बघतायत! तेवढ्यात कंडक्टरकाका भिंतीच्या कडेकडेने चालायला लागले — "दवाखाना... पाण्याची टाकी... मुलींची शाळा... चला उतरा, पुढे सरका, दारात गर्दी करू नका!" एकामागून एक थांबे. एकही चुकला नाही. शाळाबाईंनी हात वर केला, "मला शाळेपाशी उतरायचंय." मी त्यांच्या हातात ब्रश दिला आणि म्हटलं, मग शाळा काढा.

झालं. चित्र म्हणजे रस्ता. भिंतभर एक रस्ता, ज्याला जिथे उतरायचं तिथे त्याने काढायचं.

शाळाबाईंनी मला जवळ बोलावलं. "बाळ, तू हुशार आहेस. शाळा का सोडलीस?" मी तर त्यांना काही सांगितलंही नव्हतं.

नंतर. लिहावंसं वाटत नाही, पण लिहितो. चहाच्या वेळी मी कप धूत होतो. बाहेर येऊन बघतो तर बाबा रोलर घेऊन भिंतीशी. शाळा गेली, टाकी गेली. "माझ्या अस्तरावर घाण कुणी केली! कालची भिंत आहे ही!" कंडक्टरकाका ओरडत होते, "अहो माझा थांबा पुसला! आता माणसं उतरणार कुठे?"

मिनिटभराने कंडक्टरकाका विसरले. बाबाही विसरले. कोऱ्या भिंतीसमोर सगळे शांत बसून बिस्किटं खात होते. घाबरलेला मी एकटाच.

११ मार्च, सोमवार

युक्ती! शनिवारीच सुताराकडून प्लायवुडचा मोठा तक्ता मागून आणला. व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला उभा केला. बाबांना सांगितलं, "मिस्त्री, ही बाजू तुमची." बाबा तक्त्याला प्रायमर मारतात. वाळला की मी उलटा करतो आणि त्यावर रंगाचे चार फराटे ओढून ठेवतो. दुसऱ्या दिवशी बाबा येतात — "ही घाण कुणी केली?" — आणि कामाला लागतात.

म्हणजे मी रोज घाण करतो आणि बाबा रोज ती झाकतात. फसवतोय मी त्यांना. पण दुपारभर ते शीळ घालतात.

१३ मार्च, बुधवार

ताईचा फोन. आधी बाबांच्या गोळ्यांचं विचारलं. मग, "घरमालकाचा मला फोन आला होता. महिनाअखेर खोली सोडायला सांगतोय." शेजारणीने शब्द पाळला शेवटी.

ताई म्हणाली, भाऊजींनी एक संस्था पाहिलीय. दोन तासांवर. तिथे अशीच माणसं कायमची ठेवतात. जागा राखून ठेवायला भाऊजींनी अनामतही भरली. "आधी बघून घे, मग भांड माझ्याशी," म्हणाली.

मी भांडलोच. म्हटलं, तू सात महिने आली नाहीस. ती म्हणाली, "शेवटची आले तेव्हा काय झालं ते तुला माहीत आहे."

माहीत आहे. बाबांनी तिला दारातच अडवलं होतं. "बाई, तुम्ही कोण? मालकांना विचारल्याशिवाय आत येता येणार नाही. काम चालू आहे." ती म्हणाली, बाबा, मी आहे मी! तसे बाबा जास्तच चिडले, ब्रश उगारला. ती डबा पायरीवर ठेवून गेली. बाबांची लाडकी होती ती. मी नव्हे, ती.

१६ मार्च, शनिवार

बाबांना मॅडमपाशी सोडून ताईबरोबर जाऊन संस्था पाहिली. स्वच्छ आहे, वाईट म्हणता येणार नाही. कुणी ओरडत नव्हतं. पण खोल्यांना कड्या बाहेरून. आणि भिंतींना खालपासून वरपर्यंत टाइल्स — पांढऱ्या, गुळगुळीत. "पुसायला सोपं जातं," तिथली बाई म्हणाली.

एक इंचही भिंत नाही. बाबा तिथे करणार काय?

ताईही टाइल्सकडे बघत होती. परतताना बसमध्ये मी म्हटलं, समितीने पैसे दिले तर माझा पगार चालू राहील, बाबांचा दुपारचा प्रश्न सुटेल, मी दुसरी खोली बघेन. २९ पर्यंत थांब. म्हणाली, "थांबते. पण तुझे ते पाहुणे नाही म्हणाले, तर मग पुन्हा हट्ट करायचा नाही."

म्हणजे आता सगळं त्या भिंतीवर आलं.

१९ मार्च, मंगळवार

मॅडमनी भिंत पाहिली. मान तिरकी करून पाहिली. "छान आहे... पण ही बस आहे का?"

कंडक्टरकाकांची बस. चाकं वर आली आहेत, दार कुठे ते त्यांनाच ठाऊक.

"समितीला काहीतरी दिसलं पाहिजे रे. थोडं तू सावरून घे ना. कुणाला कळणार आहे?"

सगळे घरी गेल्यावर सावरलं. चाकं खाली आणली, खिडक्या पट्टी धरून काढल्या, दाराला हँडल. शाळेचं छप्पर सरळ केलं. शिंप्याच्या दुकानात नुसते शर्ट टांगलेत, एका शर्टात माणूस काढला. चांगलं दिसत होतं. खरंच चांगलं दिसत होतं.

२० मार्च, बुधवार

कंडक्टरकाका बससमोर उभे राहिले. दार चाचपलं. "ही माझी गाडी नाही."

म्हटलं, काका तुमचीच आहे.

"माझी असती तर मी चढलो नसतो का?" आणि खाली बसले. पिशवी छातीशी धरून. दुपारभर ब्रश हातात घेतला नाही. शाळाबाई शाळेपाशी गेल्याच नाहीत. शिंपीकाकांनी शर्टातल्या माणसाला वितीने मोजलं, मग खडूने त्याच्यावर फुली मारली.

ज्यांना सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही!

एकटे बाबा खूश. तक्ता रंगवत म्हणाले, "पोरा, दुसऱ्याच्या भिंतीत हात घालू नये. त्याचा हात वेगळा, आपला वेगळा. जोड दिसतो." कुणाबद्दल म्हणाले कळलं नाही. बहुतेक कुणाहीबद्दल नाही.

संध्याकाळी सगळं पॉलिश पेपरने घासून काढलं.

२१ मार्च, गुरुवार

बस पुन्हा वाकडी झाली. कंडक्टरकाका चढले.

२५ मार्च, सोमवार

आज इतका चांगला दिवस होता की लिहायला भीती वाटते.

रस्ता जवळजवळ टोकाला पोचला. नेहमी झोपणाऱ्या आजींनी उठून एक झाड काढलं — निळं. कंडक्टरकाका म्हणाले, "इथे झाड नव्हतं." आजी म्हणाल्या, "मग लावलं आत्ता." शाळाबाई इतक्या हसल्या की त्यांची कवळी निसटली, आणि शिंपीकाकांनी ती उचलून, मोजून, त्यांना परत दिली.

बाबांनीही वळून पाहिलं. तक्त्यापाशी उभे राहून, हातात ब्रश तसाच. म्हणाले, "बरी माणसं आहेत. पण अस्तर कच्चं राहिलंय."

मॅडमनी ठरवलंय, ताईलाही २९ ला बोलवायचं. घरच्यांनी पाहिलं पाहिजे म्हणे. ताई येते म्हणाली. एवढंच म्हणाली.

२८ मार्च, गुरुवार

रंग वाळला. फरशी पुसली. उद्या.

२९ मार्च, शुक्रवार

आज सगळ्यांना सकाळीच बोलावलं होतं. मला मॅडमनी दूध आणि कागदी पेले आणायला पाठवलं. पाहुणे अकराला येणार होते. दुकानात रांग होती. मी आलो तेव्हा साडेदहा.

मॅडमनी व्हरांडा आवरून घेतला होता. खुर्च्या मांडल्या होत्या. टेबलावर कापड. आणि तक्ता नव्हता. मॅडम बाहेर फाटकाशी पाहुण्यांची वाट बघत होत्या, त्यांना गाठून विचारलं. "तो रंगाने बरबटलेला तक्ता? सुताराला परत देऊन टाकला. बरं दिसत नव्हतं."

मी त्यांना सांगितलंच नव्हतं. तक्ता कशासाठी आहे ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं! लाज वाटत होती — बापाला रोज फसवतो ते काय सांगायचं.

मी परत आत येऊन भिंतीकडे वळलो.

निम्मा रस्ता पांढरा. बाबा शिडीवर. त्यांना त्यांची बाजू सापडली नाही, म्हणून ते दिसेल त्या भिंतीला लागले. जिन्याखालच्या कपाटातून प्रायमरचा डबा काढला होता, कुलूप खिळ्याने उघडून. जुना हात त्यांचा.

मी धावलो. आणि थांबलो.

कारण बाबा एकटे नव्हते. कंडक्टरकाका शिडी धरून उभे होते, "सावकाश, सावकाश, पुढची माणसं उतरू द्या." शाळाबाई खालचा पट्टा मारत होत्या, पदर खोचून. शिंपीकाका वितीने मोजून खडूची रेघ आखत होते आणि बाबा त्या रेघेपर्यंत येऊन बरोबर थांबत होते. निळ्या झाडाच्या आजी रोलर बादलीत बुडवून देत होत्या. ब्रश चाटणारे आजोबासुद्धा कोपऱ्यात ब्रश फिरवत होते, मन लावून. महिनाभर मी या माणसांना "काका ब्रश धरा, आजी इकडे बघा" करत होतो. बाबा फक्त म्हणत होते, "हं. वरून खाली. दाबू नका. वा!" आणि आठही जणांचे हात चालत होते.

मी हातातला दुधाचा कॅन खाली टेकवला तेव्हा ताई दारातून आत आली.

बाबांनी शिडीवरून पाहिलं. मला वाटलं, झालं, आता तिला हाकलणार. पण बाबांनी ब्रश बादलीवर ठेवला, एक हात छातीशी नेला. "या मालकीणबाई. काम वेळेवर होईल. जरा पाणी मिळेल का बादलीभर?"

ताई हलली नाही. मग पर्स खुर्चीवर टाकली आणि बादली घेऊन नळाकडे गेली. भरून आणली. बाबा म्हणाले, "बसा, रंगाचा वास लागेल तुम्हाला." ती बसली नाही. शिडीची दुसरी बाजू धरून उभी राहिली.

अकराला समिती आली. तिघे. पुढे जाड चष्म्याचे साहेब.

"चित्र कुठे आहे?"

मॅडम माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, "खाली आहे, साहेब." म्हणजे अस्तराखाली. साहेबांनी फरशीकडे पाहिलं.

मग ते भिंतीजवळ गेले आणि बोट लावून पाहिलं. बाबा शिडीवरून कडाडले — "ओलं आहे, हात लावू नका! दिसत नाही का? परत मारावं लागेल तेवढं!" साहेब दचकून भिंतीवरच टेकले, बाही कोपरापर्यंत पांढरी झाली. मागच्या दोघांपैकी एकाला हसू आलं, त्याने खोकल्यात लपवलं. साहेबांना नाही आलं.

चहा न घेताच गेले. दूध मी आणलं ते तसंच.

३० मार्च, शनिवार

मी एक वाक्य जरी सांगितलं असतं मॅडमना. एक वाक्य. "तक्ता हलवू नका."

३ एप्रिल, बुधवार

नाही म्हणाले. पत्रात लिहिलंय, "दृश्य स्वरूपात निष्पत्ती आढळली नाही."

मॅडमनी मला काहीच बोलून दाखवलं नाही. ते जास्त वाईट. नुसतं म्हणाल्या, "मी त्यांना सांगत होते, त्या माणसांकडे बघा. ते भिंतीकडेच बघत होते."

१२ तारखेला वर्ग बंद. घरमालकाने ताईच्या शब्दावर पंधरापर्यंत मुदत दिलीय. ताईला फोन केला. म्हटलं, मी हट्ट करणार नाही. ती रडेल असं वाटलं होतं. तिने विचारलं, "बाबा त्या दिवशी घरी जाऊन काही बोलले? मी आले होते त्याबद्दल?"

खोटं बोलावंसं वाटलं. पण म्हटलं, "नाही. नवीन मालकीण समजूतदार आहे, एवढंच म्हणाले."

"बरं," म्हणाली.

८ एप्रिल, सोमवार

न्यायचं कसं, हा प्रश्न. बाबा कामाशिवाय कुणाच्या गाडीत बसत नाहीत. मागे दवाखान्यात नेताना गाडीच्या दाराला लटकले होते, दोन माणसं लागली.

भाऊजी म्हणाले, "गोळी द्या, झोपवून न्या."

ताई त्यांच्यावर ओरडली. मग मला म्हणाली, "काम आहे म्हणून सांग. मोठं काम मिळालंय. दोन खोल्या. मालकीण तीच, परवाची. मी गाडी घेऊन येते, पुढच्या सोमवारी."

काम नाही, टाइल्स आहेत. कडी बाहेरून. आणि मी सांगायचं, मोठं काम मिळालंय!

"दुसरं काही सुचतंय तुला?" ताईने विचारलं.

नाही सुचत. मला कधी वेळेवर काही सुचलंय?

१२ एप्रिल, शुक्रवार

वर्गाचा शेवटचा दिवस. कुणालाच ते माहीत नव्हतं, मॅडम आणि मी सोडून. शाळाबाई जाताना म्हणाल्या, "उद्या वेळेवर ये, बाळ." कंडक्टरकाकांनी मला हवेतून एक तिकीट फाडून दिलं. "कुठपर्यंत?" विचारलं. मी म्हटलं, शेवटपर्यंत. "मग पैसे जास्त लागतील."

पांढरी भिंत तशीच आहे. चांगलं अस्तर आहे. जवळ जाऊन तिरकं बघितलं तर खालचा रस्ता थोडा उठून दिसतो. बस दिसते. निळं झाड नाही दिसत.

१४ एप्रिल, रविवार

दुपारी सांगितलं. "मिस्त्री, काम आलंय. दोन खोल्या. उद्या गाडी येणार."

बाबांचा चेहरा! उठून बसले. ब्रश मागितले. मी माळ्यावरून पोतं काढून दिलं. एकेक ब्रश पाहिला, केस वेगळे केले, दोन फेकून दिले. मला म्हणाले, "वही घे. अंदाज लिही. मालकीणबाईंना आधी हिशेब दाखवायचा, मागून कटकट नको."

ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. खोल्यांची मापंसुद्धा सांगितली. कुठली मापं ती? ताईच्या घराची! पुढची खोली, मागची खोली, खिडकी पूर्वेला. लग्नानंतर बाबांनीच तिचं घर रंगवून दिलं होतं. लेक आठवत नाही, तिच्या भिंती आठवतात.

सगळं नीट लिहिलं.

"मालकीण बरी आहे ना?" बाबांनी विचारलं. "फसवणार नाही ना?"

मी म्हटलं, नाही.

ताई संध्याकाळी गोळ्या द्यायला आली. बाबांनी कागद तिच्या हातात दिला. "बघून घ्या. कमी-जास्त असेल तर आत्ताच बोला." तिने वाचला. मापांपाशी थांबली. पुन्हा वाचला. घडी करून पर्समध्ये ठेवला आणि जिना उतरली.

१५ एप्रिल, सोमवार. दुपारी चार.

संस्थेकडे जायला चौकात गाडी डावीकडे वळायची होती. ताई पुढे बसली होती. कालचा कागद मांडीवर. ड्रायव्हरला म्हणाली, "डावीकडे नको. सरळ घ्या. माझ्या घरी." मग मागे न बघता मला, "तीन महिने. तुझ्या भाऊजींशी मी बोलते. पुढचं पुढे."

बाबा खिडकीतून भिंती बघत होते.

पुढची खोली खरवडायला घेतली आहे. आजचा हिशेब —

प्रायमर, पुट्टी, पॉलिश पेपर: १,८४०. दुकानदाराची उधारी.
गाडीभाडं: ६००. ताईने दिले.
संस्थेची अनामत: १०,०००. बुडाली. भाऊजींचं देणं, मी फेडायचं. भाऊजी अजून बोललेले नाहीत.
केंद्राची थकलेली फी: मॅडम नको म्हणाल्या. तरी देणं लिहून ठेवतो.
विसार: ५००. मालकीणबाईंकडून मिळाला. बाबांनी दोनदा उलटून पाहिला.
पोराची मजुरी: बाबांकडे बाकी. शनिवारी देतो म्हणाले.